वळवाच्या आधी रातांबे उरका. आमसूल, आगळ, मुठेल घरच्या घरी

रातांबा म्हणा नायतर भिरंड, फळ तेच. एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि घाईही तेव्हाच असते. पाऊस पडला की वाळत घातलेली सालं बुरशीने जातात.

आमसुलासाठी फळ फोडून साल वेगळी करा. गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. ही पुटं चार-पाच दिवस चालतात. एका पुटावर भागवलेलं आमसूल फिकं राहतं, गिऱ्हाईक लगेच ओळखतं.

सालं मिठात मुरवून सुटलेला रस गाळला की आगळ तयार. तो काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या बरणीतच भरा, अ‍ॅल्युमिनियममध्ये नको.

बिया फेकू नका. वाळवून, टरफल काढून, कुटून पाण्यात उकळा. वर आलेलं तेल गार झालं की घट्ट होतं, त्याचे मुठीने गोळे वळतात. हेच मुठेल, पायाच्या भेगांवर आजीचं औषध.

नवी झाडं लावणार असाल तर बियांची रोपं टाळा. त्यातली साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात. दापोली कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’, ‘कोकण हातिस’ जातींची कलमं घ्या.