विद्यापीठीय कार्यक्षेत्राची पुनर्रचना आणि आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा लौकिक : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ‘कॉन्फरन्स’ या संस्थेस जे स्थान आहे, त्याची कल्पना आपल्याकडील क्रीडाविषयक लेखनातून फारशी येत नाही. काही विद्यापीठांनी दरवर्षी परस्परांशी नियमाने खेळण्यासाठी स्थापन केलेला संघ म्हणजे कॉन्फरन्स. पुढे ‘बिग टेन’ या नावाने गाजलेली कॉन्फरन्स १८९६ मध्ये सात विद्यापीठांच्या प्राध्यापक-प्रतिनिधींनी स्थापन केली. जेम्स नाइस्मिथ यांनी स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल हा खेळ तयार केला, त्याला तेव्हा पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १९७९ मध्ये जन्मलेल्या ‘बिग ईस्ट’चे तीन संघ १९८५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चारांत आले आणि अवघ्या सहा वर्षांच्या त्या संघटनेची गणना देशातील बलाढ्य संघटनांत होऊ लागली.

कॉन्फरन्सचे बळ मोजायचे कसे, हा प्रश्न तेथे गंभीरपणे हाताळला गेला. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना १९८१ ते २०१८ या काळात ‘आर.पी.आय.’ हा निर्देशांक विचारात घेतला जाई. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांस २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांस ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांस २५ टक्के भार होता. म्हणजे संघाच्या लौकिकाचा तीन चतुर्थांश भाग तो कोणाशी खेळला यावर ठरत असे. प्रस्तुत लेखात हीच दृष्टी घेऊन सोलापूर जिल्ह्यातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कार्यक्षेत्राचा प्रवास :

आपल्या महाविद्यालयांना प्रतिस्पर्धी निवडण्याचे स्वातंत्र्य कधीच नव्हते. ज्या विद्यापीठाशी संलग्नता, त्याच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालये हीच आपली कॉन्फरन्स होय. तिची सीमा खेळाचा विचार करून नव्हे, तर विधिमंडळाच्या कायद्याने आखली जाते. सोलापूरच्या बाबतीत ही सीमा चार वेळा वेगवेगळी होती.

सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते. त्या काळी कराचीपासून धारवाडपर्यंतची महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न होती. कागदावर पाहता एवढे विस्तीर्ण प्रतिस्पर्धी-वर्तुळ सोलापूरला पुन्हा कधी लाभले नाही. अर्थात, कागदावरील वर्तुळ म्हणजे प्रत्यक्षातील सामना नव्हे, आणि बास्केटबॉलही तेव्हा देशात नवाच होता. वाय.एम.सी.ए.चे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केल्यानंतर हा खेळ प्रशिक्षित शिक्षकांमार्फत हळूहळू पसरला. भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन होण्यास १९५० साल उजाडले.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि सोलापूर त्याच्या कक्षेत गेले. संगमेश्वर महाविद्यालयाचा जन्म (१९५३) या पर्वातला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली व सोलापूरची महाविद्यालये त्याच्याकडे आली. हे पर्व सर्वांत दीर्घ, जवळजवळ ४२ वर्षांचे. जिल्ह्यापुरती विभागीय फेरी, तीत विजयी होणाऱ्यास आंतरविभागीय फेरीत कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या संघांशी गाठ, आणि त्यानंतर विद्यापीठ संघाची निवड अशी या काळातील रचना होती. बास्केटबॉलच्या संघात खेळाडू बारा. चार जिल्ह्यांतून बारा निवडले जात असताना सोलापूरच्या वाट्याला जागा कमीच येत, पण जो खेळाडू येथून संघात जाई तो तीन जिल्ह्यांच्या कसोटीस उतरलेला असे.

१ ऑगस्ट २००४ रोजी शिवाजी विद्यापीठाच्या सोलापूर येथील पदव्युत्तर केंद्राचे रूपांतर होऊन सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे आहे. एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र हे त्याचे वैशिष्ट्य. खेळाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जी काल विभागीय फेरी होती ती आज विद्यापीठाची अंतिम स्पर्धा झाली. मुलांच्या संघात बारा आणि मुलींच्या संघात बारा जागा एकट्या जिल्ह्याच्या झाल्या. ग्रामीण महाविद्यालयांतील, विशेषतः मुलींच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे. आंतरविद्यापीठ स्पर्धेचा गणवेश ज्यांना दुरूनही दिसला नसता, अशा मुली तो घालून पश्चिम विभागीय स्पर्धेस जाऊ शकल्या.

लौकिकाचा प्रश्न :

मात्र येथेच तुलनेचा घोटाळा सुरू होतो. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात ‘आंतरविद्यापीठ खेळाडू’ या रकान्यात आपण संख्या लिहितो. २००३ मधील एक आणि २००५ मधील एक या दोन संख्या सारख्या नाहीत, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. सारख्या नाहीत याचा अर्थ नंतरचा खेळाडू कमी प्रतीचा असाही नाही. त्याला कमी कसोट्यांतून जावे लागले, एवढेच विधान इतिहासाच्या आधारे करता येते. प्राचार्यांच्या दालनातील काचेच्या कपाटाला हा भेद कळण्याचे कारण नाही.

पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशातील विद्यापीठे उतरतात. प्रारंभीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या, आणि शेवटच्या चार संघांत साखळी. रात्रभर रेल्वेने प्रवास करून गेलेला संघ चाळीस मिनिटांचा एक सामना हरला की परतीच्या गाडीत बसतो. पूर्वी कोल्हापूर-सांगलीचे संघ हे सोलापूरच्या खेळाडूंची पूर्वपरीक्षा होते. आता त्यांची गाठ पडलीच तर थेट या अंतिम परीक्षेत पडते. तयारीसाठी तुल्यबळ प्रतिस्पर्धी घराजवळ न मिळणे ही २००४ नंतरची खरी हानी आहे, असे माझे मत आहे.

लहान कार्यक्षेत्र म्हणजे दुबळे विद्यापीठ, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांतील सर्वंकष कामगिरीसाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. तो सर्वाधिक वेळा जिंकणारे अमृतसरचे गुरु नानक देव विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले, तेही पंजाबातील मोजक्या जिल्ह्यांपुरते. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचे यश सांगताना त्याच शहरात १९६१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा उल्लेख टाळता येत नाही. प्रशिक्षक, वसतिगृह आणि वर्षभराचा सराव यांनी कार्यक्षेत्राची उणीव भरून काढता येते. आपल्याकडे कार्यक्षेत्र आटले, पण त्या प्रमाणात वर्षभराचा सराव वाढला नाही.

चिंचोळी आणि भोवतालचा भूगोल :

सोलापूर–पुणे महामार्गावर केगाव येथे विद्यापीठाचा परिसर आहे. त्याच रस्त्याने पुढे मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळी एमआयडीसी लागते. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, बालाजी अमाइन्स यांसारख्या उद्योगांचे कारखाने तेथे आहेत. भारतीय बास्केटबॉलमध्ये विद्यापीठांखेरीज बलवान संघ उभे राहिले ते प्रामुख्याने नोकरी देणाऱ्या संस्थांचे. रेल्वे, सेनादल, इंडियन ओव्हरसीज बँक, ओ.एन.जी.सी. ही नावे परिचित आहेत. पदवीनंतर खेळाडू तेथे टिकला आणि त्याच्याशी खेळून महाविद्यालयीन मुले शिकली. सोलापूरच्या जुन्या कापडगिरण्या बंद पडल्यावर जिल्ह्याचे औद्योगिक केंद्र ज्या वसाहतींकडे सरकले त्यांपैकी चिंचोळी एक. विद्यापीठ आणि ही वसाहत एकाच रस्त्यावर असूनही, महाविद्यालयीन संघांना वर्षभर प्रतिस्पर्धी पुरवू शकेल असे क्षेत्र म्हणून तिच्याकडे आपण पाहिलेले नाही.

भूगोलाची आणखी एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. तुळजापूर सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, पण ते छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येते. विजयपूर सुमारे १०० किलोमीटरवर, पण राज्यसीमेपलीकडे असल्याने तेथील संघ दक्षिण विभागात खेळतात. उलट ज्या कोल्हापूरशी चार दशके स्पर्धा झाली, ते सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. बिग टेनच्या संस्थापकांनी शेजारच्या विद्यापीठांशी करार करून आपले वर्तुळ स्वतः आखले होते. तसे निमंत्रितांचे साखळी सामने आपल्याकडेही होऊ शकतात. तुळजापूरचा संघ शनिवारी दुपारी सोलापुरात सामना खेळून संध्याकाळी घरी परतू शकेल आणि चिंचोळीतील एखाद्या कारखान्याचा संघ साप्ताहिक सुटीच्या दिवशी केगावला येऊ शकेल. यासाठी विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती लागत नाही. शारीरिक शिक्षण संचालकांनी परस्परांस लिहिलेले पत्र आणि दोन पंचांचे मानधन एवढीच तरतूद पुरे.