करुप्पूरचे वस्त्र आणि त्याचे कारागीर

तंजावरच्या मराठी राज्याचा विषय निघाला की सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या देवालयातील प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि भोसले राजांची नाटके यांचे स्मरण होते. या कीर्तिस्थळांत एका वस्त्राची गणना मात्र क्वचितच होते. कोळ्ळिडम नदीच्या काठी, कुंभकोणम्‌च्या उत्तरेस कोडाली करुप्पूर नावाचे गाव आहे. तेथे तयार होणाऱ्या साड्या, धोतरे आणि पागोटी तंजावरच्या राजघराण्यासाठी राखून ठेवलेली असत. मानाची वस्त्रे म्हणून ती दिली जात आणि सोयरिकीच्या व भेटीच्या निमित्ताने बडोदे, कोल्हापूर अशा दूरच्या मराठी घराण्यांपर्यंत पोहोचत.

प्रथमदर्शनी हे वस्त्र भरतकामाचे वाटते. तांबूस-तपकिरी रंगातून सोनेरी बुट्टे असे चमकतात, की ते सुईने भरले असावेत असाच समज होतो. जुन्या वस्त्राचा अभ्यास करणारा म्हणूनच प्रथम ते उलटे करून पाहतो. भरतकामात सुई तयार कापडाला टोचून आरपार जाते. मागील बाजूस गाठी व टाक्यांच्या उड्या दिसतात. करुप्पुरी वस्त्राच्या पाठीवर असे काही नसते. जरीचा धागा बुट्ट्याच्या कडेपर्यंत जाऊन तेथेच परत वळलेला आढळतो. अर्थात बुट्टा मागावरच, प्रत्येकासाठी स्वतंत्र लहान कांडी वापरून, बाण्याबरोबर विणलेला असतो. यालाच जामदानी म्हणतात. पैठणीचा पदर ज्यांनी न्याहाळला आहे, त्यांना हे कष्ट वेगळे सांगावयास नकोत.

परंतु विणकाम हे येथे केवळ अर्धे काम होय. मागावरून उतरलेले कापड रंगाऱ्याच्या हाती जाई. कोरोमंडल किनाऱ्याच्या पद्धतीत सुती कापड हिरड्याच्या पाण्यात व म्हशीच्या दुधात भिजवून वाळवीत, म्हणजे रेघ फुटत नसे. लोखंडाच्या पाण्याने काळी रेघ काढीत. जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटी लावीत. जो भाग रंगापासून वाचवायचा तो मेणाने झाकीत. मग तमिळमध्ये ‘सायवेर’ म्हणतात त्या मुळाच्या काढ्यात कापड उकळीत. कापूस रंग पितो, धातू पीत नाही. त्यामुळे भोवतालचे सूत तांबडे होई आणि त्यातून जर झळकत राही. विणकराचा बुट्टा एक बोट सरकला तर रंगाऱ्याची रेघ चुकावी, इतके हे दोघांचे काम एकमेकांवर अवलंबून होते. करुप्पुरी वस्त्राचे खरे वैशिष्ट्य या जुळणीत आहे.

हे हात कोणाचे होते? या भागातील कलमकारीचे कारागीर नायक राजांच्या काळात आंध्रातून आलेल्या तेलुगुभाषक घराण्यांतील असल्याचे सांगितले जाते. म्हणजे राजा मराठी, रंगारी तेलुगु, गाव तमिळ आणि वस्त्र नेसणारी कदाचित कोल्हापूरची! आपण ज्याला अभिमानाने ‘तंजावरी मराठी संस्कृती’ म्हणतो, तिचा ताणाबाणा असा अनेक भाषांचा आहे. राजांच्या नावांची यादी आपणास पाठ असते. या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही.

परकीयांनी या कसबाची टिपणे केली, तीही बहुधा स्वार्थापोटी. इ. स. १७३४ च्या सुमारास पाँडिचेरीत बोल्यू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने रंगकामाची प्रत्येक पायरी लिहून तिच्यासोबत कापडाचा नमुना ठेवला. इ. स. १७४२ मध्ये केर्दू या जेझुइट पाद्र्याने हीच कृती पत्राने युरोपास कळविली. तसे कापड युरोपातच छापता यावे, हा त्यामागील हेतू. पाहणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली, दाखविणाऱ्यांची राहिली नाहीत.

करुप्पूरच्या कलेचा ऱ्हास कसा झाला, हेही विचार करण्याजोगे आहे. इ. स. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी सरफोजी राजांच्या दरबारात विद्या व कला यांना आश्रय होता. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने गादीच संपविली. ज्या वस्त्राला एकच मोठे गिऱ्हाईक, त्याला ते गिऱ्हाईक गेल्यावर बाजार कोठला? पुढे १८६९ च्या सुमारास तांबडा रंग रसायनशाळेत तयार होऊ लागला आणि सायवेराचेही महत्त्व ओसरले. रंगकाम देवळांच्या आश्रयाने तगले; रथाचे तोंबै, पडदे व छत्रांची आच्छादने करुप्पूर आणि सिक्कल नायक्कनपेट्टै येथे रंगविली जात राहिली. २०२१ मध्ये ‘करुप्पूर कलमकारी’ला भौगोलिक मानांकनही लाभले. मात्र जर विणणारा आणि रंग चढविणारा यांची ती जुनी जोडी मोडली ती मोडलीच. तिचे काम पाहावयाचे तर आज अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय किंवा लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय गाठावे लागते.

नोकरीनिमित्त पेरुंगुडीत येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हे सर्व दूरचे वाटण्याचे कारण नाही. जवळच तिरुवान्मियूर येथे कलाक्षेत्राच्या आवारात हातमाग आणि कलमकारी दोन्ही पाहावयास मिळतात. मुलांना तंजावरचा राजवाडा दाखवावयास नेताना वाटेत करुप्पूरकडेही वळावे.

दुसरे काम घरातले आहे. जुने जरीचे वस्त्र विरले की बोहारणीस देण्याची आपली रीत. जर जाळून धातू काढला की वस्त्राबरोबर त्याचा इतिहासही राख होतो. आजी-पणजीचे लुगडे, शालू, पैठणी पेटीत असेल तर ते कोणी, कोठून, कोणत्या प्रसंगी घेतले हे लिहून त्यासोबत ठेवावे. विणणाराचे नाव किंवा गाव माहीत असेल तर ते सर्वांत आधी लिहावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने अशा नोंदींची एक वही केली, तर करुप्पूरच्या कारागिरांच्या वाट्यास जे आले नाही, ते निदान आपल्या घरांतील वस्त्रे विणणाऱ्यांना लाभेल.