सीबीसीतला गुणाकार: सीडी४ मशीन नव्हतं तेव्हाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला, डॉक्टरांनी सीबीसी सांगितली, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आपण सगळे करतो तेच मी केलं: प्लेटलेट्स बघितल्या आणि फाइल बंद. पण त्याच रिपोर्टमध्ये आणखी दोन आकडे होते. पांढऱ्या पेशी ३८००, लिम्फोसाइट ३१ टक्के. गुणाकार करा, ११७८ येतात. वीसेक वर्षांपूर्वी, जिथे दुसरी काही सोय नव्हती तिथे, याच गुणाकारावर एचआयव्हीच्या पेशंटला औषध सुरू करायचं की थांबायचं हे ठरवायला सांगितलं होतं.

लगेच घाबरून स्वतःचे रिपोर्ट काढू नका. यातून एचआयव्ही आहे की नाही हे अजिबात कळत नाही. त्याची टेस्ट वेगळी. हा आकडा होता आजार किती पुढे गेलाय याचा अंदाज घ्यायला.

एचआयव्ही सीडी४ नावाच्या पेशी संपवत जातो, आणि सीडी४ हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार. एका घन मिलीमीटर रक्तात त्या २०० च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही जिवावर उठतात. त्या मोजायच्या तर फ्लो सायटोमीटर लागायचा: पेशींना चमकणारा रंग लावायचा, लेझरसमोरून एकेक सोडायची, मशीन मोजणार. मशीन महाग, त्यातली रसायनं महाग, भरवशाची वीज हवी, आणि रक्त शिळं व्हायच्या आत लॅबला पोचायला हवं.

आधी हा प्रश्न फारसा कुणाला टोचत नव्हता, कारण औषधंच वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरची होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला ३५० डॉलरला देऊ केला. आमच्या भाषेत सांगायचं तर बॉटलनेक सरकला. औषध परवडण्याच्या जवळ आलं, पण ते कधी सुरू करायचं हे सांगणारी टेस्ट तालुक्याच्या दवाखान्यात नव्हती.

सूक्ष्मदर्शक मात्र होता. काचेवर आखलेल्या चौकोनांत पांढऱ्या पेशी मोजायच्या, दुसऱ्या काचेवर रक्त पसरून रंगवायचं, त्यात लिम्फोसाइट किती टक्के ते बघायचं. झाला गुणाकार.

हा जुगाड चालतो का, हे चेन्नईच्या वायआरजी केअरमध्ये तपासलं गेलं. ही संस्था डॉ. सुनीती सोलोमन यांची. १९८६ मध्ये भारतातले पहिले एचआयव्हीचे रुग्ण शोधले त्या याच, आणि माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. तिथल्या डॉ. एन. कुमारसामी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६५० जोड्या मांडल्या: एकाच वेळचा सीडी४ आणि एकूण लिम्फोसाइट. १४०० ची रेघ धरली तर सीडी४ २०० च्या खाली असलेल्यांपैकी ७३ टक्के सापडत होते.

पण मग उरलेले २७? मला हाच आकडा डाचतो. आमच्याकडे असा अलर्ट हुकला तर सर्व्हर पडतो. इथे औषधाची गरज असलेल्या माणसाला ‘अजून वेळ आहे’ म्हणून घरी पाठवलं जाणार. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १२०० ची रेघ दिली, म्हणजे आणखी खालची, आणखी लोक सुटणारी. म्हणून अट घातली होती: सीडी४ची सोय नसेल आणि पेशंटला लक्षणं असतील तरच हा आकडा वापरा. औषध चालू झाल्यावर ते लागू पडतंय का, यासाठी तर तो नकोच. आकडा हलतोही फार. महिन्याभराने ताप गेल्यावर माझा २१०० आला, ना औषध ना काही.

मग टेस्टशिवाय चालेल का? युगांडा आणि झिम्बाब्वेत २००३ पासून ‘डार्ट’ चाचणी झाली, ३३१६ लोकांवर. औषध सगळ्यांना. अर्ध्यांचे सीडी४ रिपोर्ट डॉक्टरांना दाखवले, अर्ध्यांचे दाखवलेच नाहीत. पाच वर्षांनी पहिल्या गटात ९० टक्के जिवंत होते, दुसऱ्यात ८७. तीन टक्के कमी नाहीत, पण मशीन येईपर्यंत औषध अडवून ठेवण्याइतकं कारणही नव्हतं ते.

पुढे रेघ ३५०, मग ५०० झाली आणि २०१५ मध्ये पुसलीच गेली: एचआयव्ही निघाला की औषध सुरू, भारतात २०१७ पासून. तरी काही जण खूप उशिरा, २०० च्या खाली गेल्यावरच दवाखान्यात येतात, आणि त्यांना टीबीसारखे आजार लगेच शोधावे लागतात. त्यांच्यासाठी आता प्रेग्नन्सी टेस्टसारखी एक पट्टी आहे. बोटातून रक्ताचा थेंब, मशीन नाही, चाळीस मिनिटं. ती आकडा सांगतच नाही, फक्त २०० च्या वर की खाली.