आपल्या हॉलमधली टीव्हीची भिंत

संस्थेची नोंदणी, प्लॉटवाटप, बोअरवेल आणि रस्त्याचा इतिहास याच स्मरणिकेत दुसरीकडे आला आहे. मी घरातल्या एका भिंतीबद्दल लिहितो. ती तुमच्याकडेही आहे, कारण आपल्या सगळ्यांच्या घरांचा नकाशा एकच. हॉल दहा बाय बारा, रस्त्याच्या बाजूला दरवाजा आणि खिडकी, आणि टीव्हीसाठी एकच प्लग पॉइंट, समोरच्या, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर. तो तिथं का काढला, हे वायरमनलाच ठाऊक. पण पंचवीस वर्षं आपण कुणाकडे तोंड करून बसायचं, हे त्यानं ठरवून टाकलं.

आमचं जुनं घर भंडाऱ्यातच, कौलारू. तिथं बैठकीत एक तखत होतं, त्याचं तोंड दाराकडे. बाबा त्यावर बसले की रस्त्यानं जाणारा माणूस राम राम घालूनच पुढं जायचा. मागच्या फळीवर आईची पितळी भांडी. आपलं गाव पितळी भांड्यांचं, त्यामुळे गुंड, गंज, डबे ओळीनं मांडलेले, आणि दिवाळीला चिंचेनं घासले की खोलीला वेगळी सजावट लागतच नव्हती.

टीव्ही आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आला. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्येच सुरू झालं होतं, पण ते आपल्यापर्यंत पोचत नव्हतं. मग छपरावर बांबूला अँटेना बांधायची, ती नागपूरकडे फिरवायची आणि खालून ओरडायचं, 'आता दिसते काय जी?' जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा आमच्या बैठकीत रविवारी सकाळी तीस-पस्तीस माणसं असायची. तखत भिंतीला लावून खाली सतरंजी. टीव्हीला लाकडी शटर, वर क्रोशाचा रुमाल. काही घरी सेटला हार घातलेलाही मी पाहिला आहे. तेव्हा टीव्ही आल्यागेल्याचा होता. खोलीला अजून त्याच्यामुळे पाठ फिरवावी लागली नव्हती.

ते झालं इथं राहायला आल्यावर. २००० च्या दिवाळीत आपण ताबा घेतला. त्याच जुलैत ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं होतं, अल्फा मराठी आदल्या वर्षी आलं होतं, आणि केबलवाला कॉलनीत सगळ्यांच्या आधी पोचला, नळाच्याही आधी. जवळपास प्रत्येकानं प्लायवूडचं भिंतभर शोकेस करून घेतलं. मधे एकवीस इंची टीव्हीसाठी चौकोनी खण, बाजूला काच, काचेत बाहुल्या, ट्रॉफ्या आणि कुणीच चहा न प्यालेला टी-सेट. खण चांगला दीड-दोन फूट खोल ठेवावा लागायचा, कारण जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब मागं लांब जायची. ज्यांनी शोकेस केलं नाही, त्यांनी कोपऱ्यात तिकोनी टेबल घेतलं. ती लांब ट्यूब तिथंच मावत होती.

आता हिशेब करा. टीव्ही आतल्या भिंतीला, म्हणून सोफा रस्त्याकडच्या भिंतीला. बसणाऱ्याची पाठ खिडकीला आणि दाराला. खिडकीचा उजेड काचेवर पडून चित्र दिसेना, म्हणून जाड पडदे आले. संध्याकाळी फिरायला निघालं की पडद्याच्या फटीतून घरोघरी फक्त डोक्यांच्या मागच्या बाजू दिसायच्या. आईची भांडी शोकेसमध्ये मावली नाहीत, ती माळ्यावर गेली. आणि बाबांचं तखत आम्ही विकलं. 'मले दार दिसलं पाहिजे,' एवढंच ते म्हणाले होते. मी त्यांना नवा सोफा किती मऊ आहे ते सांगत बसलो. नंतर ते ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागले. घरात जागा असून माणूस बाहेर बसतो, हे मला बरीच वर्षं खटकलंही नाही.

भारनियमनाच्या काळात मात्र सगळी कॉलनीच ओट्यावर यायची. तेव्हा आपण महावितरणला शिव्या दिल्या, पण एकमेकांची मुलं कुठं शिकतात हे त्या अंधारातच कळलं.

वर्षातून तीन दिवस ती भिंत टीव्हीला सोडावी लागते. महालक्ष्म्या बसवायला तीच भिंत लागते. मग टीव्ही पलंगाखाली, आणि सोफा बाहेर. २०२० मध्ये महालक्ष्म्या उठल्या आणि दोन-तीन दिवसांत वैनगंगेला पूर आला. आपल्या खालच्या ओळीतल्या घरांत पाणी शिरलं. काकूंकडे आम्ही मदतीला धावलो, तर त्यांनी आधी मुखवट्यांची पेटी हातात दिली. टीव्ही भिंतीवर लटकवलेला होता, तो वाचला. शोकेस फुगून गेलं, त्याची दारं पुन्हा लागलीच नाहीत. कॉलनीतली बरीच शोकेसं त्या वर्षी गेली.

ती गेली तेव्हा नव्या पातळ टीव्हीला खण लागतच नव्हता. एका खिळ्यावर भागतं. तरी मुलानं तिथं नक्षीचं पॅनेल आणि मागून निळा उजेड लावून घेतला आहे. छान दिसतं, नाही म्हणत नाही. पण नातवंडं मोबाइलवर, सूनबाई लॅपटॉपवर. टीव्ही रात्री बातम्यांपुरता.

गेल्या उन्हाळ्यात माळा साफ करताना आईचा गुंड सापडला, काळा पडलेला. सुनेनं घासून तो दाराजवळ ठेवला. त्याच्या शेजारी मी एक खुर्ची टाकली आहे, तोंड रस्त्याकडे. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. परवा समोरून जाणारे गुरुजी थांबले आणि म्हणाले, 'अरे, तुम्ही घरी असता काय?'