लॉजवर रूम घेताना कायदा कुठला आणि मालकाचा नियम कुठला? बारामती-इंदापुरात मुक्काम करण्याआधी हे माहिती पाहिजे

रात्रीचे साडेदहा वाजलेत. इंदापूरच्या एसटी स्टँडवरून गावाकडं जाणारी शेवटची गाडी निघून गेली आहे. इंदापूरला रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळं प्लॅटफॉर्मवर रात्र काढायचीही सोय नाही. समोर 'लॉजिंग-बोर्डिंग'ची पाटी दिसते. काउंटरवरचा माणूस आधार कार्ड उलटसुलट करून बघतो आणि सांगतो, "पत्ता याच तालुक्यातला आहे. लोकलला रूम देत नाही, तसा नियम आहे."

असा प्रसंग तालुक्याच्या कुठल्याही गावात येऊ शकतो. कधी 'लोकल'चा नियम निघतो, कधी 'लग्न झालंय का' हा प्रश्न, कधी 'एकट्या बाईला देत नाही'. गिऱ्हाईक थकलेलं असतं, रात्र झालेली असते, त्यामुळं नियम कुठे लिहिलाय हे कुणी विचारत नाही. पण यातले काही नियम खरंच कायद्याचे आहेत आणि काही फक्त मालकाने केलेले. दोन्हीतला फरक कळला तर मुक्काम सोपा होतो.

आधी पाटी नीट वाचायची

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'हॉटेल कुठंय' असं विचारलं, तर लोक चहा-भजी आणि मिसळ मिळते तिथं पाठवतात. राहायचं असेल तर 'लॉज' विचारावा लागतो. 'लॉजिंग' म्हणजे फक्त राहणं, 'बोर्डिंग' म्हणजे जेवण. पाटीवर दोन्ही शब्द असले तरी आत जेवण मिळेलच असं नाही, तेव्हा आधी विचारलेलं बरं.

'परमिट रूम' हा शब्दही खूप पाट्यांवर असतो. त्याचा मुक्कामाच्या रूमशी काही संबंध नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना, म्हणजे परमिट लागतं. दारू बसून प्यायची अधिकृत जागा ती परमिट रूम. घरच्यांना घेऊन जायचं असेल आणि खाली परमिट रूम असेल, तर वरच्या खोल्यांचा जिना वेगळा आहे का हे बघून घ्यावं.

बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडची गर्दी वेगळी

बारामती पुण्यापासून साधारण 100 किलोमीटर. दौंडहून येणारा रेल्वेचा फाटा सध्या इथंच संपतो. इथं लॉजवर येणारा माणूस बहुतेक वेळा कामासाठी आलेला असतो. एमआयडीसीत मशीन दुरुस्तीला आलेला टेक्निशियन, विद्या प्रतिष्ठानमध्ये मुलाच्या ॲडमिशनसाठी आलेले पालक, शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र बघायला आलेले शेतकरी, शासकीय मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटसोबत आलेले नातेवाईक. जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरतं, तेव्हा रूम मिळणं अवघड होतं.

इंदापूर तिथून साधारण 50 किलोमीटर. ते पुणे-सोलापूर हायवेवर आहे, त्यामुळं इथं रस्त्यावरचं गिऱ्हाईक जास्त. रात्री उशिरा गाडी चालवण्यापेक्षा चार तास झोपून पहाटे निघणारे ड्रायव्हर, फिरते विक्रेते, सोलापूर-हैदराबादकडं जाणारी कुटुंबं.

तिसरं ठिकाण भिगवण. उजनीच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात. ते बघायला पहाटे बोटीत बसावं लागतं, म्हणून लोक आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात. कुंभारगाव परिसरात काही स्थानिक कुटुंबं घरातच राहण्या-जेवणाची सोय करतात. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी फोन करूनच जायचं.

भाडं ठरवताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न, चेकआउट किती वाजता? मोठ्या हॉटेलांत दुपारी 11 किंवा 12 ला दिवस संपतो. जुन्या लॉजवर अजूनही '24 तास' पद्धत सापडते. म्हणजे रात्री 9 ला रूम घेतली तर दुसऱ्या दिवशी रात्री 9 पर्यंत ती आपली. रात्री 11 ला पोचणाऱ्या माणसाला 12 च्या चेकआउटमध्ये जेमतेम तेरा तास मिळतात आणि भाडं पूर्ण दिवसाचं जातं. त्यामुळं दोन लॉजचं भाडं सारखं असलं, तरी हिशोब सारखा नसतो.

दुसरा प्रश्न, जीएसटी धरून की वेगळा? 18 जुलै 2022 च्या आधी दिवसाला 1,000 रुपयांपर्यंतच्या रूमला जीएसटी नव्हता. त्या दिवसापासून 12 टक्के लागू झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या रूमला 5 टक्के आहे. म्हणजे 800 रुपयांच्या रूमला 40 रुपये. ज्या लॉजची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी घेऊ शकत नाही. तेव्हा कुणी जीएसटी लावला, तर जीएसटी नंबर असलेलं छापील बिल मागायचं.

तिसरा प्रश्न, जास्तीच्या गादीचे किती? तिघं-चौघं असतील तर एक रूम आणि एक गादी हे दोन रूमपेक्षा स्वस्त पडतं. पण तो आकडा आधीच ठरवून घ्यायचा, सकाळी बिलाच्या वेळी नाही.

ओळखपत्र मागणं बरोबर, पण आधारच पाहिजे असं नाही

रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, कुठून आला, कुठे जाणार हे लिहून घेणं आणि ओळखपत्र बघणं यात लॉजवाल्याचं काही चुकत नाही. पोलीस तपासणीला आले की पहिलं रजिस्टर बघतात. अपुऱ्या नोंदी सापडल्या तर मालक अडचणीत येतो. त्यामुळं 'कशाला पाहिजे' असा वाद घालण्यात अर्थ नाही.

मात्र आधारऐवजी मतदान कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्टही देता येतो. पॅन कार्डवर पत्ता नसतो, म्हणून ते बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आधारच द्यायचं असेल तर 'मास्क्ड आधार' देता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. ते यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून फुकट डाउनलोड होतं. झेरॉक्स दिली तर तिच्यावर तारीख आणि 'फक्त लॉज मुक्कामासाठी' असं लिहून सही करावी. म्हणजे ती दुसरीकडं वापरणं अवघड जातं.

घरात कुणी परदेशी पासपोर्टवर आलं असेल, तर त्या पाहुण्याची माहिती लॉजला 24 तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. काही छोटे लॉज या भानगडीमुळं अशा पाहुण्याला नाही म्हणतात. थायलंडमध्येही परदेशी पाहुण्याची खबर 24 तासांत द्यायचा नियम आहे. बँकॉकच्या स्वस्त हॉटेलात उतरणाऱ्या मराठी पर्यटकाकडं पहिला पासपोर्ट मागतात, तो यामुळंच.

'लोकलला देत नाही' आणि 'लग्न झालंय का'

आता मुख्य प्रश्न. स्थानिक पत्ता असलेल्या माणसाला रूम देऊ नये, असा कुठलाही कायदा नाही. गावातलीच माणसं दारू, जुगार किंवा इतर भानगडींसाठी रूम घेतात आणि नंतर नाव लॉजचं खराब होतं, या भीतीनं मालकांनी तो नियम केलेला असतो. कारण खरं सांगितलं, हॉस्पिटलचे कागद किंवा चुकलेल्या गाडीचं तिकीट दाखवलं, तर बऱ्याचदा हा नियम वाकतो. मालकाचाच नियम असल्यामुळं तो वाकवणंही त्याच्याच हातात असतं.

लग्न न झालेल्या सज्ञान स्त्री-पुरुषांनी एका रूममध्ये राहणं हाही गुन्हा नाही. कोइमतूरमधल्या एका सर्व्हिस अपार्टमेंटला याच कारणावरून सील ठोकलं होतं, तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये मद्रास हायकोर्टानं सांगितलं की अशा जोडप्याला राहायला मनाई करणारा कायदाच नाही. हा निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण त्याचा आधार घेता येतो. दोघांचं वय 18 च्या वर असणं आणि दोघांचीही ओळखपत्रं असणं मात्र गरजेचं.

महाराष्ट्रात या विषयावर मोठा वाद झाला तो ऑगस्ट 2015 मध्ये. मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे टाकले आणि जोडप्यांना ताब्यात घेतलं. कारवाई महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 110 खाली झाली. हे कलम सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासाठी आहे. बंद दाराआडची रूम सार्वजनिक जागा कशी, असा सवाल तेव्हा उभा राहिला, पोलिसांवर टीका झाली आणि चौकशीचे आदेश निघाले.

तरीही मालक 'आमच्याकडं जोडप्यांना देत नाही' म्हणू शकतो का? खासगी लॉजवाले असं धोरण ठेवतात. ओयो कंपनीनं जानेवारी 2025 मध्ये मेरठपासून अशीच सुरुवात केली आणि लग्न न झालेल्या जोडप्यांना नाही म्हणायची मुभा तिथल्या हॉटेलांना दिली. म्हणून ऑनलाइन बुकिंग करताना हॉटेलचे नियम आधी वाचायचे आणि फोन करून खात्री करायची.

एक कारण मात्र मालकालाही चालत नाही

1917 मध्ये अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. जातीमुळं राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना तिथून बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

पुढं संविधानाच्या कलम 15(2) मध्ये हॉटेलचा स्पष्ट उल्लेख आला. फक्त धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत जाण्यापासून अडवता येत नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल किंवा धर्मशाळेत प्रवेश नाकारणं हा गुन्हा आहे. म्हणून आडनाव वाचून 'रूम शिल्लक नाही' म्हणणं किंवा एकटी बाई आहे एवढ्याच कारणावरून परत पाठवणं, हे मालकाच्या नियमात बसत नाही. 'लोकल'चा नियम राहत्या पत्त्यावर असतो, जन्मस्थानावर नसतो, म्हणून तो थेट या कलमात येत नाही.

पैसे देण्याआधी रूम बघायची

दार आतून नीट लागतं का, कडी घट्ट आहे का, हे पहिलं. मग नळ सोडून बघायचा. सोलरचं गरम पाणी असेल तर ते सकाळी किती वाजेपर्यंत येतं ते विचारायचं. चादर बदलून मागायला लाजायचं नाही. रूम मागच्या बाजूची मागितली तर हायवेच्या गाड्यांचा आवाज कमी येतो.

आरशामागं, स्मोक डिटेक्टरमध्ये किंवा चार्जरच्या सॉकेटमध्ये संशयास्पद काही दिसलं, तर हात न लावता फोटो काढायचा आणि 112 ला फोन करायचा. बाईचं खासगी क्षणांचं चोरून चित्रीकरण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे.

पार्किंगमध्ये 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी असते. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2019 मध्ये सांगितलंय की गाडी आणि चावी हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली असेल, तर अशी पाटी दाखवून हॉटेलला जबाबदारी झटकता येत नाही. आपणच गाडी लावून चावी खिशात ठेवली, तर हा निकाल तसाच लागू होईल असं नाही.

वारीत सगळं गणित बदलतं

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्कामाला असते. पुढं काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीत गोल रिंगण आणि सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम होतात. त्या दिवसांत लॉजवर रूम शोधण्यात अर्थ नसतो. शाळा, मंगल कार्यालयं, मंदिरं, तंबू आणि गावकऱ्यांची घरं यांतच वारकऱ्यांचा मुक्काम होतो. तिथं रजिस्टर नसतं, आडनावाची चौकशीही नसते. पालखीचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, त्यामुळं दुसऱ्या कामासाठी येणाऱ्यांनी ते बघून तारीख ठरवावी. रस्तेही त्या काळात वळवलेले असतात.

बिघडलंच तर

बुकिंग करून रूम नाकारली, जास्त पैसे घेतले किंवा बिल दिलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथं काम झालं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. त्यासाठी बिल, बुकिंगचा मेसेज आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा.

आणि काउंटरवर कुणी 'नियम आहे' म्हणालं, तर शांतपणे एकच विचारायचं, "सरकारचा की लॉजचा?" सरकारचा असेल तर तो पाळायचा. लॉजचा असेल तर बोलून बघता येतं, आणि नाहीच जमलं तर पुढचा लॉज बघायचा.