वादातली जमीन

आमच्या शहराला नावांची ददात कधीच नव्हती. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलं तेव्हा खडकी, मग फतेहनगर, पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. जागा एक, नावं चार, तरी चालून जातं. पंचाईत होते ती उलट असलं की, म्हणजे पत्ता एक आणि दावेदार दोन! संगणकाच्या पोटात हे भांडण फार जुनं आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीला एकूण १ एमबी एवढेच पत्ते होते. त्यातले खालचे ६४० केबी मेमरीला, वरचे ३८४ केबी पडदा, रॉम वगैरेंना. म्हणजे प्रत्येक पत्त्यावर मेमरीच राहते असं नाही, उपकरणंही राहतात. पुढे ३२ बिटांच्या काळात पत्ते ४ जीबीचे झाले, वाटणीची पद्धत तीच राहिली. त्यामुळे ४ जीबी रॅम टाकून सव्वातीनच दिसली की लोक दुकानदाराला शिव्या घालायचे. तो बिचारा निर्दोष! वरचे पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि मंडळींनी आधीच अडवलेले असत.

कुठला पत्ता कुणाचा, याचा सातबारा बायोस देतो. 'ई८२०' नावाची यादी असते ती. मशीन सुरू होताना लिनक्सचा कर्नल ती वाचतो. पण बायोस लिहिणारीही माणसंच... काही याद्यांत एकच तुकडा दोनदा येतो. एकदा 'मेमरी आहे, वापरा' आणि एकदा 'राखीव, हात लावू नका'.

आता निवाडा कसा करायचा? साक्षीदार नाही, तलाठी नाही. लिनक्सचा नियम सरळ आहे. मेमरीच्या शेऱ्याचा क्रमांक १, राखीवचा २; वाद असेल तिथे मोठा क्रमांक खरा. म्हणजे तुकडा राखीव.

यात थोडी रॅम पडीक राहते. पण चुकून दुसऱ्याच्या जागेत डेटा ठेवला आणि तिथे मूळ मालकाने लिहिलं, तर मशीन कधी कोसळेल याचा नेम नाही, आणि कारण शोधताना रात्री जातात.

बांधावरून भांडणारी घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. कागद दोन गोष्टी सांगू लागला की सोयीची तेवढी खरी धरायची, ही आपली खोड. कर्नल नेमकं गैरसोयीचं खरं धरतो, म्हणून तर त्याच्यावर विसंबता येतं.

असो. आज एवढंच.