फोन ‘अनलॉक्ड’ आहे म्हणजे नेमकं काय? अ‍ॅप बनवणाऱ्यांनी पैसे देण्याआधी हे वाचाच

कोल्हापुरात इंजिनिअरिंग करणारं एखादं पोरगं पहिलं अ‍ॅप बनवायला घेतं, तेव्हा लॅपटॉपनंतरचा मोठा खर्च असतो टेस्टिंगच्या फोनचा. बजेट कमी. मग शोध सुरू होतो राजारामपुरीतल्या सेकंडहँड फोनचा, नाहीतर अमेरिकेतल्या आतेभावाकडं पडून असलेल्या जुन्या हँडसेटचा. आणि समोरचा हमखास म्हणतो, “अनलॉक्ड आहे, बिनधास्त घे.”

पण कुठलं लॉक? कारण फोनला तीन वेगवेगळी लॉक असू शकतात.

पहिलं, नेटवर्क लॉक

प्रत्येक सिममध्ये एक नंबर असतो. त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यांवरून देश आणि कंपनी कळते. भारताचे कोड 404 आणि 405. लॉक असलेला फोन हे आकडे तपासतो आणि आपल्या कंपनीचे नसतील तर ते सिम चालवतच नाही.

अमेरिकेत कंपन्या हप्त्यावर फोन देतात आणि पैसे फिटेपर्यंत तो लॉक ठेवतात. असा फोन इथं आणला तर वाय-फायवर अ‍ॅप चालेल, पण कॉल नाही, मोबाईल डेटा नाही, ओटीपीचा मेसेज नाही. म्हणजे ज्या गोष्टी तपासायला खरा फोन लागतो, त्याच अडतात.

आपल्याकडं हे नवीन वाटतं, कारण इथं बहुतेक फोन खुलेच विकले जातात. पण आपणही हे बघितलंय. 2003 मध्ये 501 रुपये भरून मिळणारा रिलायन्सचा सीडीएमए फोन आठवतो का? त्यात सिमच नव्हतं, नंबर थेट हँडसेटमध्ये. कंपनी सोडली की फोन बाद. ऑगस्ट 2008 मध्ये भारतात आलेला पहिला अधिकृत आयफोन 3जी एअरटेल आणि व्होडाफोनने आपापल्या नेटवर्कला बांधूनच विकला. 2017 चा जिओफोनही फक्त जिओच्याच सिमवर चालायचा. 2011 पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो, पण त्यात नंबर हलतो, हँडसेटचं लॉक तसंच राहतं.

दुसरं, बूटलोडर लॉक

फोन चालू होताना कुठली सिस्टीम सुरू करायची, हे बूटलोडर ठरवतो. ते लॉक उघडलं की फोनमध्ये दुसरी सिस्टीम टाकता येते. डेव्हलपर ‘अनलॉक्ड’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना हेच म्हणायचं असतं. गुगलने डिसेंबर 2008 मध्ये डेव्हलपर्ससाठी 399 डॉलरचा खास फोन काढला होता. त्यात सिम आणि बूटलोडर दोन्ही खुले होते.

गंमत म्हणजे साधं अ‍ॅप बनवायला याची गरजच नसते. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, तिथं यूएसबी डिबगिंग चालू करा. झालं काम. आयफोनमध्ये आयओएस 16 पासून डेव्हलपर मोड चालू करावा लागतो. उगाच बूटलोडर उघडला तर फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि बँकेची अ‍ॅप रुसू शकतात.

तिसरं, हप्त्याचं लॉक

कर्जावर घेतलेल्या काही फोनमध्ये फायनान्स कंपनीचं लॉक असतं. हप्ता थकला की फोन बंद. आधीच्या मालकाने हप्ते बुडवले तर तुमचे पैसे पाण्यात.

मग घेताना काय बघायचं?

- स्वतःचं सिम टाकून कॉल लावा, वाय-फाय बंद करून इंटरनेट बघा. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांची सिम वापरा.
- आयफोन असेल तर सेटिंगमधल्या ‘अबाउट’मध्ये ‘कॅरिअर लॉक’ शोधा. तिथं ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं इंग्रजीत लिहिलेलं पाहिजे.
- अमेरिकेतला आयफोन 14 असेल तर त्यात सिमचा ट्रेच नसतो. तुमची कंपनी ई-सिम देते का, आधी विचारा.
- *#06# दाबून 15 आकडी आयएमईआय घ्या. केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करा, एक जागा सोडून आयएमईआय लिहा आणि 14422 ला पाठवा. काळ्या यादीतला किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर सरळ परत द्या.
- बिल मागा आणि हप्ते संपलेत का ते विचारा.

फोन परदेशातून येणार असेल तर लॉक तिथंच काढून घ्यायला सांगा. बाकी फिटल्यावर मूळ कंपनी ते अधिकृतपणे काढून देते. इथं कुणी “आयएमईआय बदलून देतो” म्हणालं तर लांब राहा. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

थोडक्यात, दुकानदार “अनलॉक्ड” म्हणाला की लगेच विचारायचं, “तिन्हीतलं कुठलं?” उत्तर द्यायला तो अडखळला, तर पैसे खिशातच ठेवा.